फिरत्या गड्यांचीं कामें आणि हातांतील मोबाईल

दुकानांतील नोकर धन्याच्या डोळ्यांसमोर काम करितो. बागेंतील गडी, राखणदार आणि पीक पाहावयास निघालेला तलाठी हे मात्र नजरेआड काम करितात. अशा कामांत वेळ फुकट जातो तो बहुधा आळसानें नव्हे. निरोप पोंचविण्यांत, विसरलेली गोष्ट पुन्हा पाहून येण्यांत आणि हिशेबाच्या वादांत जातो. हा वेळ मोबाईलच्या योगें कसा वांचवावा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसुली कारकुनींत गेलें, म्हणून पहिलें उदाहरण तेथलेंच घेतों. तलाठ्यानें बांधावर जाऊन पीक पाहावें व गांव नमुना १२ मध्यें त्याची नोंद करावी, असा नियम. परंतु एका सजांत अनेक गांवें, कोंकणांतील खाचरें व वरकस जमिनी दूर दूर, आणि माणूस एकटा. मग पुष्कळदां चावडींत बसूनच मागील सालचा आंकडा पुढें ओढला जाई. पाण्यांत म्हैस आणि वर मोल, अशांतला तो प्रकार. तो तपासून पुढें पाठविणाऱ्यांत मीही होतों.

याचें फळ पुढें डोळ्यांनीं पाहिलें. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ आलें आणि दापोली तालुक्यांत आंबा, नारळ व पोफळी आडव्या झाल्या. एका वृद्ध बागायतदारानें साठ कलमें पडल्याचें सांगितलें. दप्तरीं मात्र त्याच्या बागेंत मुळांत चाळीसच कलमें लागलेलीं. वाट मोकळी करण्याकरितां पडलेलीं झाडें त्यानें तोडून काढिलीं होतीं, त्यामुळें दाखविण्यास कांहीं उरलें नव्हतें. तो म्हणाला, "भाऊसाहेब, झाडें मीं लाविलीं, तुमच्या कागदास तीं दिसलीं नाहींत, हा माझा दोष काय?" यावर मजपाशीं उत्तर नव्हतें, कारण त्या आंकड्यांवर बरोबरची खूण वर्षानुवर्षें मींच केली होती.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. खातेदारानें आपल्या शेतांत उभें राहून पिकाचें छायाचित्र काढावें व मोबाईलवरून स्वतःच नोंद करावी. चित्राबरोबर त्या जागेचे अक्षांश-रेखांशही जातात. बांधावरच्या झाडांचीही नोंद करितां येते. २०२२ सालच्या सुधारणेनें खातेदाराची नोंद स्वयंप्रमाणित मानावी, अठ्ठेचाळीस तासांत चूक दुरुस्त करण्याची त्यास मुभा असावी, आणि तलाठ्यानें दहा टक्के नोंदी तपासाव्या, असें ठरलें. यांतील मर्म एकच: नोंद ज्या जागेची, ती त्या जागीं व त्या वेळीं व्हावी. हें मर्म सोडिलें तर मोबाईलही चावडीच होय.

आतां हेंच आपल्या बागेस लावून पाहूं. दाभोळांत राहून खाडीपलीकडे धोपाव्यास कलमें राखणारे लोक आहेत. फवारणीचें औषध संपलें, हें कळावयास एक फेरीबोट, तें पोंचवावयास दुसरी. तोंवर गडी सावलींत बसलेले. समजा, चार गड्यांचा रोज एक एक तास असा गेला, तर दहा दिवसांत चाळीस तास, म्हणजे आठ तासांच्या हिशेबानें एका माणसाचे पांच दिवस बुडाले. सकाळींच टाकीचें व औषधाच्या डब्याचें चित्र मालकाकडे आलें असतें, तर हे पांच दिवस वांचते. याकरितां पुढील रीत ठेवावी.

१. प्रत्येक कलमास क्रमांक देऊन पत्र्याची पट्टी बांधावी. वहींत व मोबाईलमध्यें तोच क्रमांक लिहावा.

२. प्रथम पट्टीचें व मग झाडाचें चित्र काढावें. तुडतुडे, भुरी किंवा करपा दिसल्यास मोहोराचें वा पानाचें जवळून चित्र घ्यावें, म्हणजे दापोलीच्या कृषि विद्यापीठांतील जाणत्यांस दाखवितां येतें.

३. कॅमेऱ्यांत जागेची नोंद चालू ठेवावी. ती उपग्रहावरून होत असल्यामुळें रेंज नसली तरी चालते. चित्र मागाहून सड्यावर जाऊन धाडावें. व्हॉट्सॲपवरून नेहमींच्या रीतीनें धाडिलेल्या चित्रांत ही नोंद टिकत नाहीं, म्हणून मूळ चित्र पुसूं नये.

४. निरोपांत चारच गोष्टी असाव्या: कोण, कोठें, काय, किती. बागांतून नेपाळी गडी पुष्कळ असतात. त्यांस मराठी वाचतां येत नसेल तर हिंदींतून आवाजी निरोप द्यावा.

५. गडी झाडावर असतां, किंवा हातीं झेला वा फवाऱ्याची नळी असतां, फोन करूं नये. एका निरोपापायीं माणूस पडला तर सगळी बचत फोल होय.

६. दर रात्रीं नोंदी वहींत उतराव्या: तारीख, औषध, प्रमाण, झाडांचे क्रमांक; काढणींत किती फळ उतरलें व तें चौदा आणे तयार होतें कीं नाहीं. मोबाईल पाण्यांत पडतो. वही घरीं राहते.

शेवटीं एक गोष्ट मालकवर्गास नम्रपणें सांगावीशी वाटते. मोबाईल हा गड्यावर पाळत ठेवण्याचें यंत्र समजूं नये. कामासाठीं त्याचा फोन वापरीत असाल तर त्याचें रिचार्ज तुम्हीं भरावें, आणि आठवड्याची हजेरी व उचल त्यास वाचून दाखवावी. ज्या नोंदीनें त्याची मजुरीही शाबूत राहते, ती नोंद तो मनापासून करील. जी केवळ त्याच्या चुका धरण्यासाठीं असते, ती तोही चावडींत बसूनच भरील.

त्या वृद्धाचीं वीस कलमें कागदावर कधींच उभीं राहिलीं नाहींत. वाचकांनीं आपलीं झाडें एकदां स्वतः मोजावीं, आपल्या उताऱ्याशीं ताडून पाहावीं, आणि पुढील पाहणीचे वेळीं बागेंतच उभें राहून नोंद करावी, एवढीच विनंती आहे.