न फसफसणारी मंडळी

१. यीस्ट म्हणजे फसफस, हे डोक्यात पक्कं बसलेलं. जिलबीचं आंबवण, ताडी, पावाचं पीठ. मातीतली यीस्टं मात्र बहुतेक फसफसतच नाहीत. लिपोमायसीस, सॉलिकोकोझायमा ही तिथली कायमची रहिवासी; त्यांना जगायला हवा लागते, आंबवणं जमत नाही. जीवामृताच्या पिंपात बुडबुडे मोजत उभं राहणाऱ्या मला हे जरा लागलंच.

२. संख्येवर जाऊ नये. चिमूटभर मातीत जिवाणू कोट्यवधी, त्यापुढे यीस्ट अगदीच किरकोळ. पण ही चिवट जात. रॉबर्ट स्टार्की यांनी १९४६ साली मातीतल्या एका चरबीदार यीस्टवर लिहिलं. पुढे त्याला त्यांचंच नाव मिळालं, लिपोमायसीस स्टार्की. साखर मुबलक आणि नायट्रोजनची चणचण असली, की हे पठ्ठे चरबी साठवत बसतात, कोरड्या वजनाच्या निम्म्याहूनही अधिक. भोवती बुळबुळीत आवरण असतं, ते ओल धरून ठेवतं आणि मातीचे कण एकमेकांना चिकटवतं. माती हाताला रवाळ लागते, त्यात या चिकटपणाचाही हातभार.

३. झाडाखाली सडणारा चिकू आता लगेच उचलवत नाही. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतले एमिल हान्सेन यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं, की फळांवरचं लिंबाच्या आकाराचं एक यीस्ट हिवाळा झाडाखालच्या मातीत काढतं आणि फळं पिकली की पुन्हा वर पोचतं. चिलटांबद्दल घरचे बोलतात, ते मी ऐकून घेतो.

४. पानांवरची यीस्टं निराळी. सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या भाचीने एक पिकलं पान पेट्री डिशच्या झाकणाला आतून चिकटवलं. काही दिवसांनी खालच्या थरावर त्याच पानाची गुलाबी छबी उमटली! स्पोरोबोलोमायसीस आपले बीजाणू चक्क उडवतं. पान गळलं की ही मंडळी पाचोळ्यात उतरतात, पण खालच्या मातीत फारशी टिकत नाहीत. एका वावावर दोन वेगळ्या वस्त्या, आणि मी दोन्हींवरून खराटा फिरवत होतो.

५. त्यांचं मोठं काम म्हणजे खाल्लं जाणं. अमीबा, सूत्रकृमी, बारीक कोळी त्यांच्यावर जगतात. खाऊन उरलेला नायट्रोजन मुळांच्या वाट्याला येतो. माझ्या वांग्यांचं श्रेय मी आजवर शेणखताला देत आलो. पाहुणे असले तर स्वतःला.