चार सेकंदांची किंमत

साठ-सत्तर लाखांची, तीनशेच्या वर हॉर्सपॉवरची सेडान घ्यावी का, असं मला हल्ली वरचेवर विचारलं जातं. विचारणारे आमच्याच विक्रोळी-घाटकोपर-मुलुंड पट्ट्यातले. कुणाचा गाळा नीट चालायला लागलाय, कुणाचा दवाखाना, कुणाला पवईच्या किंवा ऐरोलीच्या कंपनीत वरचं पद मिळालंय. मी अशी गाडी बरीच वर्षं चालवली आणि मग विकली, म्हणून माझ्याकडे येतात. गाडीची कंपनी मी सांगत नाही, कारण पुढे जे लिहिते आहे ते कमीजास्त फरकाने या वर्गातल्या सगळ्याच गाड्यांना लागू आहे. माझं मत आधीच सांगते: यंत्र म्हणून ती त्या पैशांना उतरते, पण विक्रोळीत राहून ते यंत्र तुमच्या वाट्याला फार थोडं येतं. पैसे मात्र पूर्ण जातात.

यंत्राबद्दल आधी बोलू, कारण ते न सांगता नुसता खर्च मांडणं अन्यायाचं होईल. माझे बाबा गोदरेजच्या टूलरूममध्ये होते आणि माझा स्वतःचा डाय-मोल्डचा गाळा आहे. घरात लहानपणापासून मायक्रॉनच्या गप्पा ऐकलेल्या. सरळ रांगेतल्या सहा सिलिंडरच्या इंजिनात पिस्टनांची ये-जा एकमेकांना अशी तोलून धरते की थरथर जवळजवळ उरतच नाही. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि पायाखाली अनुभवणं वेगळं. पहाटे ईस्टर्न फ्रीवेवर चढताना गाडी जी ओढ घेते, वळणावर जी रस्त्याला धरून राहते, ब्रेकला पाय लावताच जी हुकमी थांबते, त्यात माणसांची अनेक वर्षांची मेहनत आहे. ज्याला यंत्राची ओढ आहे त्याला हा आनंद खरा वाटणार, आणि तो खराच आहे. ‘नुसता दिखावा’ म्हणून त्याला उडवून लावणाऱ्यांशी माझं पटत नाही.

आता हिशेब. उदाहरणाला सर्वांना माहीत असलेले आकडे घेते. मार्च 2021 मध्ये बीएमडब्ल्यूने चेन्नईच्या कारखान्यात जुळवलेली एम 340 आय बाजारात आणली. एक्स-शोरूम 62.90 लाख रुपये, तीन लिटरचं इंजिन, 387 हॉर्सपॉवर, थांबल्या जागेवरून ताशी शंभर किलोमीटरला 4.4 सेकंद. त्याच महिन्यात मर्सिडीजची एएमजी ए 35 सेडान आली, 306 हॉर्सपॉवरची, आपल्या चाकणला जुळवलेली. तेव्हा अशा सेडानवर 28 टक्के जीएसटी आणि वर 20 टक्के सेस होता. म्हणजे 62.90 लाखांतले वीस लाखांहून जास्त कराचेच. 22 सप्टेंबर 2025 पासून सेस जाऊन सरसकट 40 टक्के जीएसटी झाला, तेवढा दिलासा आहे. पण त्यावर आरटीओचा कर येतो: महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला 13 टक्के. वरच्या उदाहरणात ते आठ लाखांच्या पुढे गेले. त्या पैशांत घरासाठी एक चांगली छोटी गाडी आली असती. पुढे विमा, वाढीव वॉरंटी, सर्व्हिस पॅकेज.

‘कंपनीच्या नावावर घ्या, टॅक्स वाचतो’ हा सल्ला मला मिळाला होता, तुम्हालाही मिळेल. महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरच्या गाडीला आरटीओ कर 13 नाही, 20 टक्के लागतो. मोटारीवरच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट सर्वसाधारण धंद्याला मिळत नाही. आयकरात दरवर्षी उरलेल्या किमतीवर 15 टक्के घसारा मिळतो, त्याने नफ्यावरचा कर थोडा हलका होतो, इतकंच. आपल्या सीएकडून हे कागदावर मांडून घ्या, शोरूममधल्या सोफ्यावर बसून ठरवू नका.

कर्जाचंही तसंच. साठ लाख, नऊ टक्के, पाच वर्षं: हप्ता साधारण सव्वा लाख आणि व्याज जवळजवळ पंधरा लाख. हा हप्ता जड वाटला की समोरून दुसरा कागद येतो, त्यावर महिन्याचा आकडा एकदम खाली आलेला असतो. त्यात मुद्दलाचा मोठा तुकडा शेवटच्या हप्त्यावर ढकललेला असतो, नाहीतर ‘ठरलेल्या किमतीला परत घेऊ’ असं कलम असतं आणि त्या कलमाला वर्षाला किती किलोमीटर, गाडी कुठल्या स्थितीत, अशा अटी असतात. त्या अटींचं पान घरी न्या आणि सावकाश वाचा. सही दोन दिवसांनी केल्याने गाडी पळून जात नाही.

आणि विकताना? विम्याच्या कागदावर गाडीची किंमत म्हणजे आयडीव्ही कशी उतरते ते ठरलेलं आहे: वर्षभरानंतर 20 टक्के कमी, दोन वर्षांनंतर 30, तीन वर्षांनंतर 40, चार वर्षांनंतर निम्मी. बाजार या वर्गातल्या गाड्यांना याहून फार दयाळूपणे वागवत नाही, कारण पुढच्या गिऱ्हाइकाला वॉरंटी संपल्यानंतरचा खर्च दिसत असतो. मला गाडीचे मूळ किमतीच्या अर्ध्याहून कमी आले, आणि तो सौदा वाईट नव्हता.

पण खरा प्रश्न रस्त्याचा. ज्यांना विक्रोळी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. एका बाजूला एलबीएस मार्ग, त्यावर वडाळा-कासारवडवली मेट्रोचं काम कित्येक वर्षं पत्रे लावून बसलेलं. दुसऱ्या बाजूला पूर्व द्रुतगती महामार्ग. मध्ये जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, त्यावर दुसऱ्या मेट्रोचे खांब. पूर्व-पश्चिम जोडणारा रेल्वेवरचा उड्डाणपूल जून 2025 मध्ये सुरू झाला, त्याने खूप सोय झाली. तरी सकाळी गांधीनगर जंक्शनला तीनशे सत्त्याऐंशी हॉर्सपॉवर आणि सत्तर हॉर्सपॉवर एकाच वेगाने सरकतात. फरक पेट्रोलचा. या गर्दीत माझ्या गाडीने पाच-सहाच्या वर ॲव्हरेज दिलं नाही. मुंबईत पेट्रोल शंभरच्या वर आहे, तेव्हा किलोमीटरमागे किमान सतरा-अठरा रुपये धरा, रिक्षाच्या मीटरच्या तोडीचे.

मोकळ्या रस्त्याचं काय, असं विचाराल. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मर्यादा ताशी शंभर, घाटात त्याहून कमी. समृद्धीवर एकशेवीस. दोन्हीकडे आता कॅमेरे आहेत आणि असलेच पाहिजेत, त्या रस्त्यांवर माणसं गेली आहेत. म्हणजे पुण्याच्या रस्त्यावर कायद्याने मिळणारा सगळा वेग ही गाडी साडेचार सेकंदांत संपवते. त्यापुढे तिच्यात जे उरतं, आणि बहुतेक सगळी किंमत त्याचीच असते, ते सार्वजनिक रस्त्यावर वापरायचं नसतं. मग ट्रॅकवर न्यावी, तर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइंबतूरजवळ कारी, दिल्लीकडे बुद्ध सर्किट. आपल्या विम्याच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात तिथे बघा: शर्यत आणि वेगाची चाचणी यांत झालेलं नुकसान वगळलेलं असतं. ज्या गुणासाठी गाडी घेतली त्याच गुणाला विमा नाही, ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती.

टायरांबद्दल जरा थांबून सांगते. अशा गाडीला मोठी रिम आणि पातळ टायर असतात. वळणावर त्याचा फायदा, खड्ड्यात तोटा. पावसाळ्यात एलबीएसवर पत्र्यांच्या कडेला एक खड्डा पाण्याखाली लपलेला होता. रिमला जराही लागलं नव्हतं, पण टायरच्या बाजूच्या भिंतीला फुगवटा आला. बाजूची भिंत गेली की पंक्चर काढून भागत नाही, टायर बदलायचाच. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत नवाजुना टायर एका आसावर ठेवू नये म्हणून जोडी बदलायची. स्टेपनी काही गाड्यांत नसतेच. रन-फ्लॅट टायर हवा गेल्यावरही साधारण ऐंशीच्या वेगाने ऐंशी किलोमीटर नेतो, पण तो आकार पुढच्या गावात मिळेलच असं नाही. टायर-रिमचा वेगळा विमा मिळतो, तो घ्या.

पाऊस हा दुसरा विषय. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला तो दिवस आमच्या पिढीला सांगायला नको, पण पाणी साचायला तेवढा पाऊस लागत नाही. सेडान खाली बसलेली, हवा ओढायची वाटही फार उंच नाही. पाणी सिलिंडरमध्ये शिरलं की ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत हे नुकसान बसत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्टचं कलम वेगळं घ्यावं लागतं. आणि हे पाठ करून ठेवा: पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टचं बटण दाबायचं नाही. बाहेर पडा, सपाट ट्रकवर घालून न्या.

पार्किंग मोजा. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात पुनर्विकासाच्या ज्या नव्या इमारती उभ्या राहताहेत, त्यांतल्या अनेकांत एकावर एक गाड्या चढवणारं यांत्रिक पार्किंग आहे. त्याला वजनाची, लांबीची, रुंदीची मर्यादा असते. ही गाडी पावणेदोन टनांच्या आसपास जाते. मर्यादेचा आकडा सोसायटीकडून लेखी घ्या. वजन बसलं तरी रिम पॅलेटच्या कडेला घासते का, हे प्रत्यक्ष चढवून बघावं लागतं.

वॉरंटी संपल्यावरची कहाणी छोटी आहे. कूलंट गळायला लागलं, मूळ कारण प्लॅस्टिकचा एक जोड. तो बदलायला समोरचं बरंच काही उतरवावं लागलं, आणि त्या बिलात माझ्या गाळ्यातल्या ऑपरेटरचे काही महिन्यांचे पगार निघाले असते. कुणी फसवलं नाही, काम नीट झालं. या गाड्यांचं कामच एवढं महाग आहे. म्हणून वॉरंटी संपायच्या आधी गाडी ठेवायची की विकायची हे ठरवा, नंतर नाही. गिअरबॉक्सचं तेल ‘आयुष्यभराचं’ म्हणून सांगितलं जातं. पण या गाड्यांतला नावाजलेला आठ गिअरचा बॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ऐंशी हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरच्या दरम्यान ते बदलायला सांगते. जुनी गाडी घेणार असाल तर हा प्रश्न पहिला विचारा.

गाडी स्वतःला चालवायला हवी की लोकांना दिसायला हवी, हेही मनाशी स्पष्ट ठेवा. ऑक्टोबर 2010 मध्ये औरंगाबादच्या उद्योजकांनी आणि व्यावसायिकांनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज गाड्या एकाच वेळी घेतल्या, सुमारे 65 कोटींच्या. स्टेट बँकेने त्यासाठी चाळीस कोटींहून जास्त कर्ज सात टक्क्यांनी दिलं. त्यावर पत्रकार पी. साईनाथांनी लिहिलं होतं, कारण त्याच मराठवाड्यात ट्रॅक्टरच्या कर्जाला याहून कितीतरी जास्त व्याज पडत होतं. ती टोचणी मला आजही रास्त वाटते. पण त्यांचा हेतू त्यांच्यापुरता स्वच्छ होता: शहराचं नाव व्हावं, आणि ते झालं. गाडीने नाव व्हावं असा हेतू असेल तर मोठं इंजिन लागत नाही. रस्त्यावरच्या माणसाला बॉनेटवरचं चिन्ह दिसतं, सिलिंडर दिसत नाहीत.

म्हणून माझा पहिला सल्ला: त्याच मॉडेलची दोन लिटरची आवृत्ती चालवून बघा. जवळपास तीच सीट, तीच शांत केबिन, तेच दरवाजे. किंमत कित्येक लाखांनी कमी, टायर जाड, खड्ड्यांत कंबर सुखी.

मोठं इंजिनच हवं असेल तर तीन-चार वर्षांची घ्या, पहिल्या मालकाने उताराचा मोठा भाग सोसलेला असतो. त्यात वाचलेले पैसे खर्चू नका, दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. सर्व्हिसचा सगळा इतिहास मागा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. पुरात गेलेल्या गाडीचा चिखल तिथे राहतो. कर्ज फिटल्याचा फॉर्म 35, हस्तांतराचे 29 आणि 30 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. दिल्लीत दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, त्यामुळे तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. त्यांना एनओसी आणि आपल्या राज्याचा कर लागतो, तो किमतीत धरा.

माझा भाचा ऐरोलीला नोकरी करतो, सध्या त्याचं हेच चाललंय. ‘मावशी, एकदा चालवली की बाकी काही सुचत नाही,’ म्हणाला. मला ते समजतं. त्याला शोरूमची दहा मिनिटांची चक्कर पुरणार नाही. मी त्याला तशी गाडी दोन दिवस भाड्याने घ्यायला सांगितलंय: सोमवारी सकाळी साडेआठला घरून ऑफिसला आणि संध्याकाळी परत, मंगळवारी पहाटे पाचला फ्रीवेवर. मंगळवारची पहाट त्याला दर आठवड्याला मनापासून हवी असेल, आणि त्यासाठी सव्वा लाखाचा हप्ता भरूनही बायकोला घरखर्चात काही तोडावं लागणार नसेल, तर त्याच्याबरोबर गाडी निवडायला मी स्वतः जाईन.