पाव मैलाची शर्यत आणि स्वयंचलित गिअरबॉक्स

अमेरिकेंत मोटारींची एक शर्यत असते. तीस ड्रॅग रेस म्हणतात. दोन मोटारी शेजारींशेजारीं उभ्या राहतात, दिवा हिरवा होतो, आणि सरळ पट्टीवर पाव मैल, म्हणजे १३२० फूट, धांवून खेळ संपतो. इतक्या अल्प काळांत इंजिनाचें बळ चाकांपर्यंत कसें पोंचवावें हाच सारा प्रश्न. आणि तो सोडविण्यास शाळेंतील गुणोत्तरें बव्हंशीं पुरतात, म्हणून आम्ही तो येथें घेतला आहे.

तुलनेस दोन प्रसिद्ध गिअरबॉक्स घेऊं. शेव्हरोलेचा पॉवरग्लाइड १९५० सालीं निघाला; त्यास पुढें जाण्याचे दोनच गिअर. जनरल मोटर्सचा टर्बो ४०० हा १९६४ चा, त्यास तीन. पॉवरग्लाइडच्या एका प्रकारांत पहिल्या गिअरचें प्रमाण १.७६, टर्बोचें २.४८, शेवटच्या गिअरचें दोहोंचेंही १. मागील आंसाचें प्रमाण ४ धरलें तर इंजिनाचा पीळ पॉवरग्लाइडमध्यें ७.०४ पट होतो, टर्बोमध्यें ९.९२ पट. मग मोठा आंकडा तोच उत्तम, असें विद्यार्थी म्हणतील. येथेंच फसगत आहे. चाकाची पकड घर्षणावर व चाकावरील भारावर अवलंबून असते. तिजहून अधिक बळ दिलें कीं चाक जागींच गरगरतें, रबर जळतें आणि मोटार मागें राहते. म्हणून मोटार हलकी व इंजिन दांडगें असेल तर दोन गिअरच बरे. त्यांत फिरणारे भाग कमी, सबब बळही कमी खर्च होतें.

जड मोटारीस व बेताच्या इंजिनास मात्र तीन हवेत. मिनिटास ७००० फेरे असतां गिअर बदलला, तर हिशेबानें पॉवरग्लाइडमध्यें ते ३९७७ वर उतरतात, टर्बोच्या दुसऱ्या गिअरांत (प्रमाण १.४८) ४१७७ वर. प्रत्यक्षांत टॉर्क कन्व्हर्टरच्या घसरणीमुळें फेरे याहून वर राहतात. हा कन्व्हर्टर म्हणजे तेलानें भरलेलें पात्र: एक पंखा इंजिनानें फिरतो, त्यानें उसळलेलें तेल दुसऱ्या पंख्यास फिरवितें. मोटार रोखून धरली असतां इंजिन किती फेऱ्यांपर्यंत चढतें, तें त्याच्या भरीच्या बळाशीं जुळावें लागतें. गिअरबॉक्स भारी घेऊन येथें काटकसर करणें आम्हांस शहाणपणाचें वाटत नाहीं.

कांहीं शर्यतींत चालक आपली वेळ आधींच जाहीर करतो, आणि तीहून लवकर पोंचल्यास बाद होतो. तेथें प्रत्येक धांव सारखी देणारें स्वयंचलित यंत्रच उपयोगी.

गिअरबॉक्सवरील कवचाचा खर्चही हिशेबांत धरावा. ८ मार्च १९७० रोजीं कॅलिफोर्नियांतील लायन्स पट्टीवर डॉन गार्लिट्स यांच्या मोटारीचा गिअरबॉक्स फुटला. मोटारीचे दोन तुकडे झाले व त्यांच्या उजव्या पावलाचा कांहीं भाग गेला. त्या मोटारींत चालक इंजिनामागें बसे, व गिअरबॉक्स त्याच्या पायांपाशीं असे. १९७१ सालीं ते नवी मोटार घेऊन उतरले. तिच्यांत इंजिन व गिअरबॉक्स दोन्ही चालकाच्या पाठीमागें होते.