हरलेला पक्ष परत कसा येतो? बीडच्या निकालांवरून एक पाठ



दहावीच्या राज्यशास्त्रात ‘राजकीय पक्ष’ हा पाठ आहे. राष्ट्रीय पक्ष कोणता, प्रादेशिक कोणता, हे मुलं पाठ करतात. पण मागच्या बाकावरून एक प्रश्न हमखास येतो : "सर, जो पक्ष सत्तेवरून गेला, त्याला लोक पुन्हा जवळ करतात का?" उत्तर पुस्तकात शोधायची गरज नाही. बीड लोकसभा मतदारसंघाचे निकाल फळ्यावर लिहा :

• १९६७ – क्रांतिसिंह नाना पाटील (भारतीय कम्युनिस्ट पक्ष)
• १९७१ – काँग्रेस
• १९७७ – गंगाधरअप्पा बुरांडे (मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष)
• १९८० व १९८४ – केशरबाई क्षीरसागर (काँग्रेस)
• १९८९ – बबनराव ढाकणे (जनता दल)
• १९९१ – केशरबाई क्षीरसागर (काँग्रेस)
• १९९६ – रजनी पाटील (भाजप)

आता मुलांना विचारा, काय दिसतं? काँग्रेस इथे तीनदा हरली आणि तिन्ही वेळा पुढच्याच निवडणुकीत परत आली. १९९६ नंतर मात्र या जागेवर काँग्रेसचा खासदार झालेला नाही. असं का? पाठाचा गाभा इथे आहे.

पहिला मुद्दा : समोरचा कोसळला म्हणून मिळालेली सत्ता

१९७७ ला आणीबाणीचा राग होता. पण जनता पक्षाचं सरकार आपसांतल्या भांडणात पडलं आणि १९८० मध्ये काँग्रेस परतली. १९८९ नंतरही तसंच झालं, केंद्रातलं सरकार टिकलं नाही. १९७१ थोडं वेगळं. तेव्हा इंदिरा गांधींनी ‘गरिबी हटाओ’ हे नवं आश्वासन लोकांपुढे ठेवलं होतं. म्हणजे तीनपैकी दोन वेळा समोरच्याची पडझड मोठ्या उपयोगी पडली.

दुसरा मुद्दा : हरल्यानंतरचं काम

परळी तालुक्यातल्या नाथ्रा गावचे गोपीनाथ मुंडे १९८० मध्ये आमदार झाले, १९८५ मध्ये हरले, १९९० मध्ये पुन्हा निवडून आले. पुढे विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले, राज्यभर संघर्ष यात्रा काढली आणि १९९५ मध्ये उपमुख्यमंत्री झाले. आता काँग्रेससमोर आपोआप कोसळणारा विरोधक नव्हता, गावोगाव माणसं जोडलेला विरोधक होता. नुसती वाट बघून भागणार नव्हतं.

तिसरा मुद्दा : पक्ष परतला की माणूस?

जयसिंगराव गायकवाड १९९८ आणि १९९९ ला भाजपकडून खासदार झाले, २००४ ला राष्ट्रवादीकडून. जागा राष्ट्रवादीला मिळाली खरी, पण उमेदवार तोच! लोकांनी पक्ष बदलला की माणूस धरून ठेवला? यावर वर्गात दहा मिनिटं चर्चा होऊ द्या.

चौथा मुद्दा : राग आणि विश्वास

जून २०२४ मध्ये बजरंग सोनवणे (राष्ट्रवादी – शरदचंद्र पवार) ६,५५३ मतांनी जिंकले. २०१९ मध्ये याच जागेवर ते हरले होते. राज्यातही महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा मिळाल्या. विरोधकांना वाटलं, आता सत्ता आलीच. पण पाच महिन्यांनी विधानसभेत जिल्ह्यातल्या सहापैकी फक्त बीडची जागा आघाडीकडे राहिली. गेवराई, माजलगाव, आष्टी, केज, परळी महायुतीकडे गेल्या. मधल्या काळात सरकारने ‘लाडकी बहीण’ योजनेतून महिन्याला १,५०० रुपये थेट खात्यात टाकायला सुरुवात केली होती. कारण हे एकच नव्हतं, पण मतदार पुन्हा नव्याने विचार करतो, एवढं नक्की. रागावून दिलेलं मत एका निवडणुकीपुरतं असू शकतं. ते टिकवायचं तर "आम्ही आलो तर तुमच्यासाठी काय करू" हे सांगावं लागतं, आणि निवडणूक नसतानाही लोकांत दिसावं लागतं.

एक काळजी घ्या

२०२४ मध्ये आरक्षणाचा प्रश्न आपल्या जिल्ह्यात फार तापला होता. वर्गात दोन्ही बाजूंच्या घरांतली मुलं शेजारी शेजारी बसतात. "तुमच्या घरी कुणाला मत दिलं?" हे कधीही विचारू नका, मतदान गुप्त असतं हेही आपणच शिकवतो. जात मध्ये आली की चर्चा थांबवून फळ्यावरच्या निकालांकडे परत या. पालकहो, घरीही एवढं सांभाळाल ना?

उपक्रम

प्रत्येक गटाने समजायचं की आपला पक्ष नुकताच हरला आहे. पुढच्या पाच वर्षांत करायची पाच कामं लिहायची. अट एकच, त्यात समोरच्या पक्षावर टीका नको. बघा, मुलांना ही अट किती अवघड जाते! पण पाणी, पीकविमा, ऊसतोडणीला गेलेल्या आईबापांच्या लेकरांची शाळा असे विषय मुलं स्वतःच काढतील. विरोधी पक्षाचं काम काय, हे मग वेगळं सांगावं लागणार नाही.