साक्षीचे वजन

साक्षीदार दोघे किंवा तिघे असावेत हा नियमशास्त्राचा दंडक आपणांस ठाऊक आहे. परंतु तिघांनीही एकाच्याच तोंडून ऐकले असेल, तर साक्षीदार किती समजावेत? भाषांतराच्या कामात जुन्या हस्तलिखितांशी गाठ पडते, तेव्हा हा प्रश्न मला नेहमी छळतो. त्याचे एक बोलके उदाहरण म्हैसूरचे आहे.

तेथील प्राच्य ग्रंथालयात १९०५ साली आर. शामशास्त्री यांच्या हाती ताडपत्रावरील एक पोथी आली. हे कौटिल्याचे अर्थशास्त्र होय, असे त्यांनी ओळखले व १९०९ साली ते प्रसिद्ध केले. तोवर हा ग्रंथ इतरांच्या उल्लेखांवरूनच माहीत होता. मग ओळख पटली कशी? दंडीने त्याचा विस्तार सहा हजार श्लोक सांगितला होता. पोथीच्या आरंभी तोच आकडा आहे. मल्लिनाथाने दिलेली अवतरणेही तिच्यात सापडतात. हे दोघे शतकांच्या अंतराने झाले. पोथी दुसऱ्याच ग्रंथाची असती, तर इतका मेळ बसता ना. पुढे गुजरातेत पाटणच्या जैन भांडारातून या ग्रंथाचा देवनागरी तुकडा मिळाला. एकाच पोथीवरून उतरवलेल्या चार नकलांपेक्षा त्याचे मोल मला अधिक वाटते. तो वेगळ्या वाटेने आला आहे.

पण हा ग्रंथ चंद्रगुप्त मौर्याच्या मंत्र्यानेच लिहिला काय? येथे तीच पोथी दुबळी साक्षीदार ठरते. नंदांच्या उच्छेदाचा श्लोक अखेरीस आहे खरा; परंतु तो मंत्र्याने लिहिला असेल, तसाच त्याच्या कीर्तीचा आधार घेणाऱ्या उत्तरकालीन संपादकानेही जोडला असेल. दंडीही मौर्याचे नाव घेतो, पण अनेक शतकांनंतर, परंपरेवरून. उलटपक्षी, ग्रंथात चंद्रगुप्त वा पाटलिपुत्र ही नावेच नाहीत, यावर काही जण भर देतात. हाही पुरावा हलकाच! राज्यकारभाराच्या शास्त्रात ती येण्याचे मुळी कारण नव्हते.

१९७१ साली थॉमस ट्राउटमन यांनी निराळेच साक्षीदार बोलावले: ‘च’, ‘वा’, ‘एव’ असे बारीक शब्द. मोठ्या अधिकरणांत त्यांचे प्रमाण वेगवेगळे निघाले, म्हणून कर्ते अनेक असावेत, असे त्यांचे अनुमान. असे शब्द कोणी जाणूनबुजून निवडत नाही. त्यांच्या साक्षीला वजन आहे ते यामुळेच. नक्कल करणारे हे शब्द सहज गाळतात, ही शंका माझ्याही मनात आली. पण ती चूक ग्रंथभर सारखी पसरली असती. अधिकरणाच्या सीमेवर थांबली नसती. मुंबई विद्यापीठासाठी चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणाऱ्या प्रा. कंगले यांनी १९६५ साली एककर्तृत्वाचा पक्ष मांडला होता. त्यांच्या श्रमांविषयी आदर बाळगूनही अनेक हातांचा पक्ष मला अधिक संभाव्य वाटतो. निश्चित मात्र नव्हे. विषय बदलला की एकाच लेखकाची धाटणीही थोडीफार बदलते.