खेळघराचा आराखडा

मुलांसाठी लाकडी खेळघर बांधायचे ठरले की पहिला प्रश्न आराखड्याचा येतो. सुतारकामावरील इंग्रजी पुस्तकांत, छंदविषयक मासिकांत आणि अलीकडे संगणकाच्या पडद्यावर असे आराखडे विपुल सापडतात. त्यांतील चित्रे मोठी मोहक असतात : उतरते छप्पर, खिडकीत फुलझाडाची कुंडी, दाराशी दोन पायऱ्या. परंतु केवळ दर्शनी चित्र आणि लांबी, रुंदी, उंची यांचे तीन आकडे एवढ्याच सामग्रीला आराखडा म्हणता येत नाही. जमिनीवरील मांडणी, चारही बाजूंची दर्शने, मधोमध कापून दाखवलेला छेद, सांध्यांची मोठी रेखाटने आणि प्रत्येक तुकड्याची लांबी, रुंदी, जाडी व संख्या सांगणारी यादी इतके तरी त्यात असावेच लागते. अनुभवी सुतार आराखडा हाती येताच प्रथम ही यादी पाहतो, चित्र नंतर. यादी अपुरी असेल तर काढणाऱ्याने ते घर स्वतः कधी बांधलेले नाही, असे समजण्यास हरकत नाही.

यापुढची पारख मापांची. इंग्लंडमध्ये विंडसर येथील रॉयल लॉजच्या आवारात एक प्रसिद्ध खेळघर आहे. राजकन्या एलिझाबेथ सहा वर्षांची झाली त्या वर्षी, म्हणजे १९३२ साली, वेल्सच्या जनतेने ते तिला भेट दिले. वेल्श भाषेतील त्याच्या नावाचा अर्थ 'छोटे घर' असाच आहे. त्याचे छप्पर गवताने शाकारलेले आहे. पण मापांच्या दृष्टीने ते अभ्यासण्यासारखे आहे. खऱ्या घराच्या दोन-पंचमांश प्रमाणात सारे काही लहान केलेले आहे. ते राजवाड्याच्या आवारात शोभते. आपल्या अंगणात मात्र अशी सरसकट घट उपयोगाची नाही, कारण मुलाचे शरीर हे मोठ्या माणसाच्या शरीराची लहान प्रतिकृती नसते. त्याचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते, आणि बिजागरीजवळच्या फटीत बोट अडकायचे ते घराच्या प्रमाणात बारीक होत नाही.

म्हणून मापे मुलावरून घ्यावीत, घरावरून नव्हे. दहा वर्षांचे मूल साधारणपणे १३५ सेंटिमीटरच्या आसपास उंच असते. खेळघर पाच-सहा वर्षे वापरात राहावे अशी अपेक्षा असेल तर आढ्याखाली त्याला ताठ उभे राहता आले पाहिजे. भिंती १२५ ते १३० आणि आढे १७० ते १७५ सेंटिमीटर असले की हे साधते. दार ठेंगणे असण्यातच मुलांना मौज वाटते, आणि ती त्यांना मिळू द्यावी. मात्र रुंदी ५५ सेंटिमीटरपेक्षा कमी नसावी. आत एखादे मूल पडले, घाबरले तर मोठ्या माणसाला वाकून का होईना, आत शिरता आले पाहिजे. ज्या आराखड्यात दाराला आतून कडी दाखवलेली असते तो त्या बाबतीत बदलून घ्यावा. भातुकलीच्या घराला कुलूपबंद एकांताची गरज नसते. खिडकीतून आतले दिसावे, एवढी उघडीक हवीच.

परदेशी आराखड्यात एक खोच असते, तिने पुष्कळांना चकवले आहे. अमेरिकेत ज्या लाकडाला 'दोन बाय चार' म्हणतात ते प्रत्यक्षात दीड इंच जाड आणि साडेतीन इंच रुंद असते. करवतून, वाळवून, रंधून झाल्यावर जे उरते ते त्या माप-नावापेक्षा कमी भरते, आणि बाजार चालतो तो नावावर. त्याचप्रमाणे 'एक बाय सहा'ची फळी म्हणजे पाऊण इंच जाडीची, साडेपाच इंच रुंद फळी. अमेरिकन आराखड्यातील बेरजा या खऱ्या मापांवर केलेल्या असतात. आठ फळ्यांची भिंत तेथे ४४ इंच होते. आपल्या वखारीतून सहा इंची आठ फळ्या आणून कोणी तशाच ठोकल्या तर ती ४८ इंच भरते आणि आधी करून ठेवलेली चौकट चार इंच तोकडी पडते.

आपल्याकडेही रंध्याचा हिशेब सुटत नाही. चार फूट रुंद आणि सहा फूट लांब अशा फरशीचे उदाहरण घेऊ. एक इंच जाडीच्या फळ्यांसाठी २४ चौरस फुटांना बाराने भागून २ घनफूट लाकूड लागते, असे गणित सांगते. आता सहा इंची फळीच्या दोन्ही कडा रंधल्या आणि प्रत्येक कडेचे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, गेले की पावणेसहा इंच उरतात. अशा आठ फळ्या ४६ इंच भरतात. दोन फळ्यांमध्ये दोन सूत फट ठेवली तर सात फटींचे पावणेदोन इंच होतात आणि एकूण पावणेअठ्ठेचाळीस. उरलेले दोन सूत दोन टोकांना एकेक वाटून द्यायचे. हीच फट पावसाचे पाणी खाली जाऊ देते, ओलीने फुगलेल्या फळीला जागा देते आणि बोट आत जाऊ नये इतकी अरुंदही असते. हा हिशेब ज्या आराखड्यात केलेला दिसतो त्यावर विश्वास टाकावा. लाकूड विकत घेताना मात्र कापणीत आणि गाठी टाळण्यात जाणारा पाचवा-सहावा हिस्सा जास्त धरावा.

पुष्कळ परदेशी खेळघरे चार फुटांच्या पटीतच का असतात, असा प्रश्न पडेल. उत्तर प्लायवूडमध्ये आहे. त्याचा पुरा तक्ता आठ फूट लांब व चार फूट रुंद असतो. उभे वासे १६ इंचांवर ठेवले की तो बरोबर बसतो, तुकडा वाया जात नाही. आपल्याकडेही तक्ता याच मापाचा मिळतो, त्यामुळे असे आराखडे येथे चालतात. मात्र उघड्यावर साधे प्लायवूड वर्षाभरात पापुद्रे सोडू लागते. भारतीय मानक ७१० प्रमाणे बनवलेले, सागरी दर्जाचे प्लायवूडच त्यासाठी घ्यावे आणि त्याच्या कापलेल्या कडा आधी रंगाने बंद कराव्यात.

हवामानाच्या बाबतीत परदेशी आराखडा आंधळेपणाने स्वीकारणे सर्वांत महागात पडते. बर्फाच्या प्रदेशात छपराचा उतार भार सरकवण्यासाठी असतो. आपल्याकडे तो चार महिन्यांच्या पावसासाठी आणि वळचण भिंतीपासून दूर ठेवण्यासाठी हवा. वळचण चारही बाजूंनी निदान नऊ इंच पुढे आलेली असावी. भिंतीच्या फळ्या आडव्या असतील तर वरच्या फळीची कड खालच्या फळीवर इंचभर चढलेली असावी, म्हणजे ओघळ आत शिरत नाही. आणि खांब जमिनीत पुरण्याची जी पद्धत पुष्कळ आराखड्यांत दाखवलेली असते ती येथे टाळलेलीच बरी. लाकूड कुजते ते बहुधा माती आणि हवा जेथे भेटतात त्या पट्ट्यात. वाळवीचा मार्गही तोच. आपल्या देशातील जुन्या बांधकामात याचे उत्तर आहे. अनेक प्रांतांत लाकडी खांब दगडी बैठकीवर उभे केले जात. आसामातील मिशिंग लोकांचे 'चांग घर' तर सबंध जमिनीपासून उचललेलेच असते. खेळघरासाठी सहा दगड किंवा विटांची छोटी जोती पुरतात. खाली वीतभर मोकळी जागा राहिली की झाडलोट होते आणि वाळवीची मातकट नळी वर चढताना नजरेस पडते.

लाकडाच्या रक्षणाचा प्रश्न याहून नाजूक आहे, आणि त्याच्या इतिहासात भारताचा मोठा वाटा आहे. देहराडूनच्या वन संशोधन संस्थेत १९३३ साली सोंटी कामेसम या शास्त्रज्ञाने तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या संयुगांचे एक मिश्रण सिद्ध केले. तांबे बुरशीला मारते, आर्सेनिक वाळवीला. क्रोमियम या दोघांना लाकडात पक्के धरून ठेवते, म्हणून ती पावसाने सहजी धुपून जात नाहीत. आर्सेनिक व तांबे यांच्या रासायनिक चिन्हांवरून या मिश्रणाला 'आस्क्यू' हे नाव मिळाले. विजेचे खांब, खाणीतील टेकू, कुंपणे यांचे आयुष्य त्याने वाढवले आणि पुढे ते जगभर वापरले गेले. एका भारतीय प्रयोगशाळेतून निघालेले असे सर्वदूर पोहोचलेले संशोधन विरळाच.

परंतु खांबाला जे योग्य ते मुलाच्या हाताला योग्य असेलच असे नाही. मुले लाकडाला हात लावतात, तोच हात तोंडात घालतात. प्रक्रिया केलेल्या लाकडाच्या पृष्ठभागावरून आर्सेनिकचा काही अंश सुटतो, हे लक्षात आल्यावर अमेरिकेत ३१ डिसेंबर २००३ पासून घरगुती बांधकामासाठी आणि मुलांच्या खेळसाधनांसाठी असे लाकूड तयार करणे उत्पादकांनी थांबवले. त्याआधीच्या असंख्य आराखड्यांत मात्र 'दाब देऊन प्रक्रिया केलेले लाकूड वापरा' अशी सूचना निःशंकपणे छापलेली आहे, आणि ते आराखडे आजही हातोहात फिरत असतात. म्हणून आराखड्याचे वर्ष पाहणे ही केवळ ग्रंथपालाची सवय नव्हे. वखारीत हिरवट झाक असलेले स्वस्त लाकूड मिळाले तर ते कशाने हिरवे झाले, हे विचारून घ्यावे. आणि अशा लाकडाची छाटणी चुलीत किंवा बंबाखाली कदापि घालू नये. त्याचा धूर आणि राख दोन्ही विषारी असतात.

मग काय वापरावे? साग, साल, देवदार यांच्या गाभ्याचे लाकूड स्वभावतःच टिकाऊ असते. सालीलगतचे पांढरे लाकूड कोणत्याही झाडाचे असो, ते किडीला बळी पडते; आराखड्यात 'साग' एवढेच लिहिलेले असले तरी निवड करताना हा भेद पाळावा लागतो. टाकणखार आणि बोरिक आम्ल यांच्या द्रावणात मुरवलेले लाकूड कीड व वाळवी यांना चांगले तोंड देते, पण हे क्षार पाण्यात विरघळून निघून जातात. तेव्हा ते छपराखालच्या, न भिजणाऱ्या भागांपुरते ठेवावे. वरून बेलतेलाचा हात द्यायचा असेल तर तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेतात. फडकी पसरून वाळवावीत.

जुन्या दारे-खिडक्यांचे लाकूड खेळघरासाठी वापरण्याचा मोह साहजिक आहे. ते मुरलेले असते आणि स्वस्तही पडते. अडचण रंगाची आहे. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण १ नोव्हेंबर २०१७ पासून दशलक्ष भागांत ९० भागांवर मर्यादित झाले. त्यापूर्वीच्या, विशेषतः पिवळ्या, नारिंगी व लाल रंगांत ते पुष्कळच अधिक असू शकते. असा रंग कोरडा घासला की शिसे धुळीत उतरते आणि मुलांच्या वाढत्या मेंदूला त्याची इजा कायमची होते. रंगवलेले जुने लाकूड म्हणूनच सोडून द्यावे, आणि तेल पाजलेले, रंग न लागलेले तेवढेच घ्यावे.

कठड्याच्या गजांमधील अंतर हा आराखड्यातील सर्वांत दुर्लक्षित आकडा होय. अमेरिकेतील ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेचा आयोग १९८१ पासून क्रीडांगणांविषयी पुस्तिका प्रसिद्ध करीत आला आहे. तिचा नियम असा की कोणतीही बंदिस्त फट साडेतीन इंचांहून कमी तरी असावी किंवा नऊ इंचांहून जास्त तरी. कारण सरळ आहे. मूल पाय पुढे करून फटीतून घसरते, धड निघून जाते आणि डोके अडकते. चार-पाच इंचांवर बसवलेले गज दिसायला सुबक असतात, पण नेमका धोका त्यांतच असतो. दारावरची जाळी, जिन्याच्या पायऱ्यांमधील पोकळी, खिडकीचा आडवा गज, सर्वांना हा नियम लावून आराखडा पुन्हा एकदा तपासावा. दोर आणि साखळ्या लोंबत्या ठेवू नयेत.

मजबुतीची परीक्षा घरबसल्या करता येते. पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या कोपऱ्यांत टाचणीने जोडून चौकट केली तर ती बोटाने तिरपी होते. कर्णावर पाचवी पट्टी जोडली की हलत नाही. आराखड्याच्या भिंतींत अशी तिरकी पट्टी, किंवा तिचे काम करणारा प्लायवूडचा तक्ता दिसत नसेल, तर ते घर मुलांच्या दंगामस्तीत पहिल्याच वर्षी डोलू लागेल. एकास दहा प्रमाणात पुठ्ठ्याचा नमुना करून पाहणे सर्वांत उत्तम. मुलांना त्यात सामील करून घ्यावे आणि अंगणात खडूने प्रत्यक्ष मापाची आखणी करून त्यांना तिच्यात बसू द्यावे. दोघांना पाय पसरून बसता येत नाही, हे तेथेच कळते आणि भिंत अर्धा फूट सरकवायला तेव्हा काही खर्च येत नाही.

राहता राहिली जोडणी. चारही भिंती स्वतंत्र चौकटी म्हणून तयार करून कोपऱ्यांत बोल्टने जोडाव्यात, असे सांगणारा आराखडा सर्वत्र खिळे मारायला सांगणाऱ्या आराखड्यापेक्षा पसंत करावा. बोल्टची डोकी लाकडात बुडवलेली असावीत. पावसाळ्यापूर्वी ते आवळता येतात, फुटलेली फळी एकटी बदलता येते, आणि मुले मोठी झाली म्हणजे दोन माणसे अर्ध्या दिवसात घर उलगडून हातगाडीवर घालून शेजारच्या अंगणात नेऊन उभे करू शकतात.