ईएसआय की खासगी पॉलिसी? सही करण्याआधी हिशेब मांडा

‘ईएसआय बंद करू, त्यापेक्षा चांगली पॉलिसी काढून देतो,’ असं कंपनीत कोणी म्हणत असेल, तर आधी आकडे पाहा. २०१५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ईएसआयऐवजी (कर्मचारी राज्य विमा योजनेऐवजी) खासगी आरोग्यविमा निवडण्याची मुभा सुचवली होती. कामगार संघटनांनी विरोध केला आणि ती मुभा कायद्यात उतरली नाही. हा विरोध का योग्य होता, ते पुढच्या हिशेबातून कळेल.

खर्च किती?

पगार महिना २०,००० रुपये धरू. कामगाराचे ०.७५ टक्के म्हणजे १५०, मालकाचे ३.२५ टक्के म्हणजे ६५०; एकूण ८०० रुपये. त्यात कामावरचा अपघात, आजारपणाची रजा, बाळंतपण आणि घरच्यांचा दवाखाना, सगळं येतं. काम धोक्याचं आहे किंवा मागच्या वर्षी अपघात झाले, म्हणून हा दर वाढत नाही.

ईएसआय नसेल, तर अपघाताची भरपाई कामगार भरपाई कायद्यानुसार मालकाला द्यावी लागते. त्यासाठीच्या खासगी पॉलिसीचा हप्ता मालक भरतो. एकूण पगार, कामाचा धोका आणि आधीचे क्लेम पाहून तो ठरतो. तो कमी दिसतो, कारण त्यात मालकाची भरपाईची जबाबदारी तेवढीच येते. व्यवसायजन्य आजार, उपचाराचा खर्च, ठेकेदाराची माणसं यांसाठी बहुधा जादा हप्ता लागतो.

मिळतं किती?

पॉवर प्रेसवर ३० वर्षांच्या कामगाराचा अंगठा गेला, असं समजू. कायद्याच्या तक्त्यात याला कमाईची ३० टक्के क्षमता गेली, असं धरतात.

• ईएसआय: पगाराच्या ९० टक्क्यांचे ३० टक्के, म्हणजे महिना सुमारे ५,४०० रुपये, हयातभर. तो पुन्हा कामावर लागला तरी हे पैसे थांबत नाहीत.

• पॉलिसी: ती भरपाई कायद्यावर बेतलेली असते. जानेवारी २०२० मध्ये ठरलेल्या मर्यादेनुसार पगार १५,०००च धरायचा. त्याचे ६० टक्के, गुणिले वयाचा गुणांक २०७.९८, त्याचे ३० टक्के: ५,६१,५४६ रुपये, एकदाच.

ईएसआयचे पैसे पावणेनऊ वर्षांच्या आत या रकमेच्या पुढे जातात. तेव्हा कामगाराने चाळिशीही गाठलेली नसते.

बरं होईपर्यंतच्या काळातही फरक आहे. ईएसआय पगाराच्या ९० टक्के देते. भरपाई कायद्यात निम्मा पगार, तोही १५,००० धरून.

हे तपासा

• पगारपत्रकावर ०.७५ टक्केच कापलेत ना? मालकाचा वाटा तुमच्या पगारातून कापणं बेकायदा आहे.

• विमा क्रमांक आणि ई-पेहचान कार्ड घ्या, घरच्यांची नावं नोंदवा.

• अपघात झाला की लगेच नोंद करायला लावा, मालकाकडून अपघाताचा अहवाल भरून घ्या. कालच रुजू झालेल्यालाही अपघाताचे लाभ मिळतात.

• मालकाने नोंदणी केली नव्हती, तरी हक्क बुडत नाही. ईएसआय महामंडळ लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकतं.

• पगार २१,०००च्या वर गेला, तरी चालू सहामाहीचा वर्गणी-कालावधी संपेपर्यंत संरक्षण राहतं. पुढे पॉलिसीची प्रत मागा. नोंदवलेला पगार खरा आहे का आणि उपचाराला मर्यादा किती, ते वाचा.

• ‘भरपाई मागणार नाही’ असं लिहून दिलं असेल, तर तो करार कायद्याने रद्दबातल ठरतो. भरपाई कायद्याखालच्या दाव्याची मुदत साधारण २ वर्षं आहे.

ईएसआय दवाखान्यांत रांगा असतात, औषधं मिळत नाहीत, ही तक्रार खरी आहे. ती लेखी द्या, युनियनमार्फत महामंडळाकडे आणि राज्य सरकारकडे न्या. डॉक्टर, औषधं, खाटा वाढवून घ्या. २०१७ पासूनची २१,०००ची पगारमर्यादा वाढवण्याचीही मागणी लावून धरा. दवाखाना सुधारता येतो, पण हयातभराचा हक्क एकदा सोडून दिला की पुन्हा मिळवणं फार कठीण आहे.